पंखा लावून भाकरी

धुळ्यात एप्रिल लागला की पारा ४० अंश ओलांडतो आणि मे महिन्यात ४२-४३च्या आसपास मुक्काम ठोकतो. अशा दिवसांत दुपारी गॅससमोर उभं राहून भाकरी करायच्या आणि डोक्यावरचा पंखा बंद ठेवायचा, हे खान्देशातल्या घराघरातलं दुखणं आहे. पंखा लावला की ज्योत फडफडते, तव्याच्या एकाच बाजूला पळते, बारीक असेल तर विझते. विझलेल्या शेगडीतून गॅस सुटत राहील ही धास्ती आणखी वेगळी. धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या घरात स्वयंपाकघर नेमकं पश्चिमेला. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, तरी भाकरी त्यांना स्वतःच थापायची असते, आणि दर उन्हाळ्यात त्यांना ओट्यापाशी घेरी येते. विजेवरची काचेची शेगडी घ्यायचं मी ठरवलं ते या एका कारणासाठी. सिलिंडर स्वस्त पडतो की वीज, हा हिशेब मागाहून केला.

दुकानात मांडलेल्या काळ्या काचेच्या शेगड्या दिसायला सगळ्या सारख्या. आतलं काम मात्र दोन तऱ्हांचं. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून फार वेगाने दिशा बदलणारा प्रवाह फिरतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या लोखंडी बुडात वीज खेळते आणि भांडं स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्याच्या धगीने. दुसरी तऱ्हा इन्फ्रारेडची. तिच्यात काचेखालची कॉइल लालभडक होते आणि तिची उष्णता काचेतून वर येते. हिच्यावर स्टील, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, काहीही चालतं, फक्त बूड सपाट हवं. आम्ही दोन चुलींची शेगडी घेतली: डावीकडे इंडक्शन, उजवीकडे इन्फ्रारेड. ज्या घरात जुनी पितळी भांडी अजून वापरात आहेत, त्या घराला हीच जोडी सोयीची, असं माझं ठाम मत झालं आहे.

शेगडी घरात यायच्या आधी वायरमनला बोलावलं. दोन्ही चुली एकदम चालल्या तर ३५०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर १५ अँपिअरच्या वर. मिक्सरचा साधा प्लग ६ अँपिअरचा, त्याचा विचारही करायचा नव्हता. फ्रीजशेजारी १६ अँपिअरचा पॉवर प्लग होता, पण त्याची वायर जुनी आणि तिच्यावरच फ्रीज. वायरमन भाऊंनी प्लगचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. एका पिनेजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं होतं. "ताई, आज चालेल हो. पण रोज तासभर ओढलं तर हे वितळेल." मग मेन बोर्डापासून चार स्क्वेअरची (चार चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर वेगळी ओढली, तिला २० अँपिअरची स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा खटका, बसवली आणि अर्थिंग तपासून घेतलं. विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. आमचा पंखे-दिव्यांच्या काळातला होता, तो वाढवून घेतला. या कामाला शेगडीच्या किमतीचा चांगला हिस्सा गेला, आणि तो जायलाच हवा होता. शेगडी सुंदर आणि तिच्यामागची वायर जळकी, अशी घरं मी पाहिली आहेत.

सासूबाईंनी खोकं उघडताक्षणी शंका काढली, "हाई काच शे ना व, फुटी जाई!" त्यांची भीती खोटी नव्हती. गॅसच्या शेगडीवर जी काच असते ती टफन्ड ग्लास. बर्नरच्या धगीने फार तापली किंवा कडेला ठोकर बसली तर तिचा एका क्षणात चुरा होतो. नात्यातल्या एका घरी तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. विजेच्या शेगडीची काच त्या जातीची नसते. तिला ग्लास-सिरॅमिक म्हणतात, आणि तिचा जन्म गमतीदार आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी हे रसायनशास्त्रज्ञ काचेचा तुकडा भट्टीत तापवत होते. भट्टी ६०० अंशांवर थांबायची, ती ९०० पर्यंत चढली. काच वितळून गेली असेल असं त्यांना वाटलं, पण निघाली घट्ट पांढरी चकती. ती चिमट्यातून निसटून फरशीवर पडली, तरी फुटली नाही. काचेच्या आत बारीक स्फटिक तयार झाले होते. आजच्या शेगडीच्या काचेतले स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात आणि त्यांच्याभोवतीची काच प्रसरण पावते. दोन्हींची वजाबाकी होते, म्हणून तक्ता जवळजवळ फुगतच नाही. जो फुगत नाही तो तडकत नाही. लालभडक चुलीवर गार पाणी सांडलं तरी ही काच टिकते ती यामुळे.

तिला भीती आहे ती टोकाच्या माराची. सपाट बुडाचं जड पातेलं ठेवलं तर काही होत नाही, पण वरून स्टीलच्या डब्याची कड पडली, की तडा. म्हणून शेगडीच्या वरच्या मांडणीवरचे डाळींचे डबे मी पहिल्याच दिवशी दुसऱ्या भिंतीवर हलवले आणि खलबत्त्याची जागा ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला केली. आणि एवढं करूनही कधी केसाएवढी चीर दिसली, तर शेगडी तशीच वापरायची नाही, एमसीबी पाडायची. चिरेतून पाणी खालच्या विजेपर्यंत पोचतं.

भांड्यांची निवड एका दुपारी उरकली. फ्रीजवरचं चुंबक आणि मुलाची स्टीलची फूटपट्टी, एवढीच हत्यारं. बुडाला चुंबक घट्ट चिकटलं तर ते भांडं इंडक्शनचं. फूटपट्टी बुडावर आडवी धरून उजेडाकडे पाहायचं. खालून उजेडाची फट दिसली तर भांडं काचेवर नीट बसणार नाही, वीज जास्त खाईल आणि मध्ये जळेल. तांब्याच्या बुडाची स्टीलची पातेली दिसायला भारी, पण चुंबक त्यांना चिकटेना. ती इन्फ्रारेडकडे गेली. गोल बुडाची लोखंडी कढई दोन्हीकडे निकामी. ती गॅसवर राहिली, आणि गॅसची एक चूल आम्ही मुद्दाम ठेवली आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

खरी परीक्षा भाकरीची होती. आमच्याकडे कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. गॅसवर शेवटी तवा बाजूला करून ती थेट ज्योतीवर फुगवतात. इथे ज्योत कुठून आणायची? पहिल्या दिवशी सासूबाई इन्फ्रारेडच्या चुलीसमोर उभ्या राहिल्या. कॉइल लाल झालेली दिसली तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला, आग दिसली म्हणून. पण थोड्या वेळात लाली गेली. "बंद पडनी का व?" ती बंद पडलेली नव्हती. काच ठरावीक मर्यादेपलीकडे तापू नये म्हणून आतलं नियंत्रण कॉइल मधूनमधून तोडतं आणि पुन्हा जोडतं. ज्यांना हे ठाऊक नसतं ते शेगडी बिघडली म्हणून दुकानात फोन लावतात.

तव्याचं तंत्र जमवायला मात्र वेळ द्यावा लागला. सपाट बुडाचा लोखंडी तवा आधी मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्यायचा. एकदम पूर्ण आच दिली तर मध्य रखरखतो, कडा थंड राहतात, आणि पातळ तवा वाकतोही. भाकरी टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकलं की उलटायची. दुसरी बाजू पूर्ण भाजू द्यायची, इथे घाई चालत नाही. मग पुन्हा उलटून सुती फडक्याची घडी कडेकडेने दाबत फिरवायची. आतली वाफ कोंडते आणि पापुद्रा सुटतो. तव्याच्या मधोमध एक लहान फुगा आला, तो सरकत कडेपर्यंत गेला आणि भाकरी टम्म झाली. सासूबाईंच्या डोक्यावर पंखा फिरत होता, पदर उडत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "फुगनी व माय!" त्यानंतर त्यांनी इन्फ्रारेडची चूल आपली मानली. इंडक्शन माझी, त्यावर कुकर आणि चहा.

तवा कधी सरकवायचा नाही, उचलूनच हलवायचा. गॅसच्या लोखंडी जाळीवर भांडी ओढण्याची हाताला सवय असते आणि ती मोडायला मन लावावं लागतं. लोखंडी तव्याचं खरबरीत बूड, मिठाचा दाणा, गव्हासोबत आलेली बारीक वाळू, यांतलं काहीही भांड्याखाली सापडलं की काचेवर ओरखडा, आणि ओरखडा बुजत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ओढलं तर राखाडी रेघ उमटते. ती ओरखड्यासारखी दिसते पण असते भांड्याच्या धातूची, आणि काच साफ करायचं क्रीम लावून चोळल्यावर निघते. नख फिरवून पाहावं: नख अडलं तर ओरखडा, नाही अडलं तर डाग.

आता गुळाचं. काचेच्या शेगडीबद्दल एकच गोष्ट कुणाला सांगायची तर मी ही सांगेन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली होती. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. पुरण शिजत होतं आजेसासूबाईंच्या कल्हईच्या पितळी पातेल्यात, म्हणून इन्फ्रारेडवर. गूळ पातळ झाला, पुरणाला बुडबुडे येऊ लागले आणि त्यातला एक चांगला मोठा गोळा काठावरून उडून थेट तापलेल्या काचेवर पडला. क्षणात त्याच्या कडा काळ्या पडायला लागल्या आणि जळक्या गुळाचा वास आला. बाकी काहीही सांडलं, डाळ, दूध, रस्सा, तर काच गार होईपर्यंत थांबायचं असतं. साखर आणि गूळ मात्र उलट नियमाचे, ते गरम असतानाच काढायचे. वितळलेला गूळ गार होताना काचेला घट्ट धरतो आणि आकसतो, मग तो खरवडताना काचेचे बारीक टवके घेऊन निघतो. तिथे कायमचा खड्डा राहतो.

मी चूल बंद केली. नणंदेने दोन सांडशींनी पातेलं उचलून पाटावर घेतलं. हातात जाड मोजा घालून, शेगडीबरोबर आलेली पात्याची खरवडणी तिरकी धरून गूळ गरम जागेवरून बाहेरच्या थंड काचेकडे लोटत नेला. तो तारा सोडत येत होता. पहिल्यांदा बराचसा आला, दुसऱ्यांदा पातळ थर, आणि थंड कडेला पोचल्यावर चिक्कीसारखा कडक झालेला तुकडा कागदावर पडला. राहिलेली तपकिरी झाक काच गार झाल्यावर ओल्या फडक्याने आणि क्रीमने गेली. तिथे आज काही खूण नाही. पात्याची खरवडणी नेहमी तिरकी, काचेशी साधारण ३०-४० अंशांत धरायची. उभी धरली तर पात्याचं टोक रुतून काच कापली जाते. पातं गंजलं की लगेच बदलायचं. आणि हे काम लहान मुलांना बाहेर पाठवून करायचं.

रोजची निगा त्या मानाने अगदी थोडी आहे. पटलावरचं 'एच' अक्षर म्हणजे काच अजून गरम आहे ही सूचना, ते जाईपर्यंत हात लावायचा नाही. इन्फ्रारेडची काच लाली गेल्यावरही बराच वेळ भाजते, आणि काळ्या काचेकडे पाहून ते मुळीच कळत नाही. ते अक्षर गेलं की भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब घातलेलं ओलं फडकं, मग कोरडं फडकं. करपलेली डाळ असेल तर खाण्याचा सोडा शिंपडून वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पंधरा मिनिटं ठेवायचं, मग ती सुटते. तारेची घासणी, हिरवी घासणी, भांडी घासायची पावडर, राख, यांतलं काहीही काचेजवळ येऊ द्यायचं नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी हे पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवलं, कारण ओटा लख्ख घासणं ही त्यांची आवड आहे आणि काचेला ती परवडत नाही.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. ओल्या बुडाचं पातेलं ठेवलं की पांढरी कडी उमटते, आणि ती साबणाला दाद देत नाही. तिच्यावर व्हिनेगर, नसेल तर लिंबाचा रस, दोन-चार मिनिटं राहू द्यायचा. क्षार विरघळतो, मग पुसून काढायचं. त्याहून सोपं म्हणजे भांड्याचं बूड कोरडं करूनच ठेवणं. ओट्यावर एक फडकं आता फक्त बुडं पुसायला असतं.

मेमध्ये एका दुपारी इंडक्शन मध्येच थांबलं आणि पटलावर बिघाडाचा संकेत आला. खराब काहीच झालं नव्हतं. इंडक्शनच्या आतले इलेक्ट्रॉनिक भाग थंड ठेवायला खाली एक छोटा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढतो. बाहेरची हवाच ४३ अंशांची आणि शेगडी भिंतीला टेकलेली, मग आतली उष्णता जाणार कुठे? यंत्राने स्वतःला वाचवायला काम थांबवलं होतं. शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, खालचा प्लास्टिकचा रुमाल काढून टाकला, आणि छताचा पंखा तर आता चालूच असतो. पुन्हा तसं झालं नाही. स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा काही वेळ घुर्र करत राहतो, तोवर भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. खालच्या झरोक्यांत पीठ आणि तेलकट धूळ बसते. मऊ कोरड्या ब्रशने ती अधूनमधून काढावी लागते, प्लग काढूनच. पावसाळ्याच्या तोंडाला झुरळं याच उबेला येतात, म्हणून रात्री शेगडीभोवती पिठाचा कण राहू द्यायचा नाही.

गॅसची एक चूल ठेवली आहे ती भरितासाठी. आमच्या भागातलं मोठं हिरवं वांगं काचेवर भाजण्यात अर्थ नाही. साल करपत नाही, धुराचा वास लागत नाही, आणि वांग्याचं पाणी काचेवर गळून चिकटतं. काही जण इन्फ्रारेडवर तारेची जाळी ठेवून भाजतात. जाळीच्या पायांनी काच चरते, मला ते पटत नाही. खरं भरीत कपाशीच्या काड्यांवर, अंगणात. मांडेही तसेच, खापरावरचे. मातीचं खापर काचेवर ठेवायचं नसतंच, आणि मांड्याला चहूबाजूंनी जी धग लागते ती इथे मिळणारही नाही. आखाजीला परसात तीन दगडांची चूल पेटते, ती पेटत राहो.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. २००० वॉटची चूल पूर्ण आचेवर अर्धा तास चालली तर एक युनिट. पण पूर्ण आचेवर सलग अर्धा तास काहीच चालत नाही. इंडक्शनवर लिटरभर पाणी उकळायला एक दशांश युनिट पुरतं, हे मीटरसमोर उभं राहून तपासलं आहे. इन्फ्रारेडला जरा जास्त लागतं, मात्र चूल बंद केल्यावरही ती इतकी गरम राहते की भात त्याच धगीवर मुरतो आणि दूध कोमट राहतं. घरगुती विजेचा दर १०० युनिटांनंतर चढतो, हे विसरून कुणी बिलाचा अंदाज बांधू नये. उन्हाळ्यात कूलरही त्याच मीटरवर असतो. आमच्याकडे सिलिंडर आता पूर्वीपेक्षा बराच जास्त पुरतो आणि बिल वाढलं आहे. दोन्हींची बेरीज साधारण होती तिथेच आहे. मिळाला तो पंखा. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना ओट्यापाशी एकदाही घेरी आली नाही.

शेजारच्या भाभींना आता घ्यायची आहे. त्यांच्या घरी सासऱ्यांना पेसमेकर आहे, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं. इंडक्शन चालू असताना पेसमेकर असलेल्या माणसाने त्यापासून किमान दोन फूट लांब राहावं असं सांगतात. त्यांच्यासाठी दोन्ही चुली इन्फ्रारेडच्या बऱ्या पडतील, असं मला वाटतं. दुकानात जाताना सोबत फूटपट्टी, चुंबक, रोजचा तवा आणि विजेचं शेवटचं बिल न्या म्हटलं. काच ग्लास-सिरॅमिकचीच आहे ना, नुसती टफन्ड नाही ना, ते पुस्तिकेत बघून घ्या, आणि तडकली तर बदली तक्ता धुळ्यात मिळतो की नाशिकहून मागवावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारा. वायरमन भाऊंचा नंबर मी त्यांना कालच दिला.